सोडलेल्या विषयांचा हिशेब

महाराष्ट्रात एखाद्या विद्यार्थ्याने ‘ड्रॉप घेतला’ असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या मनात एका संपूर्ण वर्षाचे चित्र उभे राहते. बारावीचे गुण मनाजोगे पडले नाहीत, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुन्हा द्यावयाची आहे, सबब महाविद्यालयात नाव न घालता मुलगा वा मुलगी घरी बसून वर्षभर तयारी करीत आहे, एवढा मोठा आशय आपण त्या दोन शब्दांत साठविला आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्याच्या तोंडी तोच ‘ड्रॉप’ येतो तेव्हा त्याचा आवाका पुष्कळच लहान असतो. सत्रारंभी ज्या चार-पाच विषयांत त्याने नाव नोंदविले, त्यांपैकी एखादा विषय सत्र संपण्यापूर्वी त्याने सोडून दिला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु या वरकरणी क्षुल्लक कृतीवर टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली कायदा करून मर्यादा घातली. त्या वर्षीच्या शरद सत्रापासून राज्यातील सरकारी विद्यापीठांत व महाविद्यालयांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी पदरात पडेपर्यंत सहा विषय सोडता येतील, सातवा सोडता येणार नाही, असे शिक्षणसंहितेतील ५१.९०७ क्रमांकाच्या कलमाने ठरविले.

या कलमाचे मर्म ध्यानी येण्यासाठी विषय सोडण्याची मुभा मुळात कोठून आली हे पाहणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांतही सर्व विद्यार्थी बहुतांशी एकच ठरीव पाठ्यक्रम शिकत असत. ग्रीक, लॅटिन व गणित यांतून कोणाची सुटका नसे. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या चार्ल्स विल्यम एलियट यांनी विषय निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याच्या हाती देण्याचा पुरस्कार केला आणि ती पद्धत यथाकाल देशभर रूढ झाली. निवडीचा अधिकार एकदा दिला, की निवड चुकल्यास ती मागे घेण्याचा अधिकारही त्याच्या पाठोपाठ येतो. कारण अठरा वर्षांच्या मुलाने केवळ नाव वाचून घेतलेला विषय आपल्या बुद्धीला आणि वृत्तीला मानवेल की नाही, हे वर्गात बसल्याशिवाय त्याला कळणार कसे? त्या विषयांचे मोजमाप करण्यासाठी पुढे ‘क्रेडिट’ नावाचे एकक प्रचारात आले. आठवड्यातून तीन तास चालणारा एक विषय सत्राअखेर पूर्ण केला, की तीन क्रेडिटे खात्यावर जमा होतात आणि अशी सुमारे १२० क्रेडिटे जमली, म्हणजे पदवी मिळते. तीन-तीन क्रेडिटांचे चाळीस विषय, असा हा स्थूल हिशेब आहे. आणि टेक्सासच्या कायद्याने त्या चाळिसांच्या प्रवासात सहांची, म्हणजे शंभरी पंधराच्या प्रमाणात, चूक माफ केली आहे असे म्हणता येईल.

आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात कधी उद्भवला नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून विषय ठरविणार विद्यापीठ आणि निर्णय करणार परीक्षा, हाच शिरस्ता दीर्घकाळ चालत आला. विद्यार्थ्याने हजेरी देऊन टर्म भरावयाची, परीक्षेचा अर्ज भरावयाचा, आणि एखाद्या विषयात नापास झालाच, तर ‘ए.टी.के.टी.’ म्हणजे राहिलेला विषय मागे ठेवून पुढील टर्म भरण्याची परवानगी घेऊन पुढे चालावयाचे. आपला विद्यार्थी नापास झाल्यावर विषयाचे ओझे पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जातो. अमेरिकेतील विद्यार्थी नापास होण्याची चिन्हे दिसताच ओझे वाटेत उतरवून ठेवतो. या दोन रीतींपैकी कोणती अधिक हितावह, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. मात्र पहिल्या रीतीत वाढलेल्या मराठी पालकाला दुसरीतील बारकावे सहसा ठाऊक नसतात, आणि ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिन येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले जेव्हा तेथील सरकारी विद्यापीठांत शिकू लागतात, तेव्हा आईवडिलांचे हे अज्ञान मुलांना बाधू शकते.

आता हा कायदा प्रत्यक्षात चालतो कसा, ते पाहू. शरद व वसंत या दोन दीर्घ सत्रांत अध्यापनाचा बारावा दिवस हा गणनेचा दिवस मानला जातो. त्या दिवशी कोणत्या विषयात किती विद्यार्थी नोंदलेले आहेत याची शिरगणती होते, आणि विद्यापीठांना राज्याच्या तिजोरीतून मिळावयाच्या अनुदानाचे सूत्र या गणतीतून निघणाऱ्या क्रेडिटांच्या संख्येवर आधारलेले असते. बाराव्या दिवसापर्यंत विषय सोडला आणि अन्य विषय चालू ठेवले, तर त्या विषयाची फी परत मिळते, गुणपत्रकावर त्याचा मागमूस उरत नाही आणि सहांच्या हिशेबातही तो धरला जात नाही. बारावा दिवस उलटून गेल्यावर मात्र फी बुडते. तरीही सत्राच्या उत्तरार्धात येणाऱ्या एका ठराविक मुदतीपर्यंत विषय सोडण्याची वाट मोकळी असते. अशा वेळी गुणपत्रकावर त्या विषयासमोर ‘डब्ल्यू’ हे अक्षर, आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठासारख्या ठिकाणी ‘क्यू’ हे अक्षर, पडते. सरासरी गुणांकावर त्याचा परिणाम होत नाही. पण अक्षर कायमचे राहते.

कलमाचा कटाक्ष आहे तो या दुसऱ्या टप्प्यावर. विषय सोडल्याबद्दल ना श्रेणी मिळाली, ना शैक्षणिक दंड झाला. गुणपत्रकावर मात्र त्या विषयात नाव होते अशी नोंद राहिली. आणि विद्यार्थी सगळेच विषय सोडून संस्थेतून बाहेर पडत नव्हता. या तिन्ही अटी जेथे जुळतात, तेथे एक विषय सोडल्याचे खाती पडते. कायद्यामागची सरकारी भूमिका समजण्याजोगी आहे. ज्या वर्गात तीस जागा आहेत, तेथे गणनादिनानंतर सहा-सात जण निघून गेले, तर त्या जागा त्या सत्रापुरत्या वाया जातात. बाहेर ताटकळणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला पदवीसाठी नेमका तोच विषय हवा होता, त्याचे सत्र लांबणीवर पडते. राज्याने त्या जागांसाठी दिलेला पैसा मात्र खर्ची पडलेला असतो. आज हा विषय सोडू, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ, असे करता करता पदवीला चारांची सहा वर्षे लागली, की विद्यार्थ्याच्या कर्जाचा आकडाही वाढतो. करदात्याच्या पैशाचा विश्वस्त या नात्याने विधिमंडळाने यात लक्ष घातले, याला कोणी दोष देऊ नये.

तथापि या कलमाचा जो भाग मला सर्वाधिक वाचनीय आणि विचारार्ह वाटतो, तो मर्यादेचा नसून अपवादांचा आहे. सबळ कारण दाखविल्यास सोडलेला विषय सहांत धरू नये, असे कायदा म्हणतो आणि ती कारणेही सांगतो. विद्यार्थ्याचा गंभीर आजार. आजारी, जखमी वा पराधीन माणसाची शुश्रूषा अंगावर पडणे. कुटुंबातील किंवा निकटच्या व्यक्तीचा मृत्यू. स्वतः विद्यार्थ्याला अथवा त्याच्या आप्ताला सैन्यात कामगिरीवर रुजू व्हावे लागणे. आणि नोकरीच्या वेळा विद्यार्थ्याच्या इच्छेबाहेर बदलणे. यांशिवाय संस्थेला योग्य वाटेल असे अन्य कारणही ग्राह्य धरता येते. नोकरीच्या वेळांचे कारण त्या राज्यातील जीवनाचा आरसाच आहे. तेथील कितीतरी विद्यार्थी दुकानात, उपाहारगृहात अथवा गोदामात काम करून फीचे पैसे उभे करतात, आणि मालकाने सायंकाळची पाळी सकाळची केली, की दहा वाजताचा रसायनशास्त्राचा वर्ग त्यांच्या हातून सुटतो. हे वास्तव कायदा करणाऱ्यांनी ओळखले, ही समाधानाची गोष्ट आहे.

टेक्सासच्या उच्च शिक्षण समन्वय मंडळाने या कलमाच्या अंमलबजावणीसाठी जी नियमावली केली, तीत ‘कुटुंबीय’ कोणास म्हणावे याची फोड आहे. पती-पत्नी, मुले, नातवंडे, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा, भाचे-पुतणे, आणि इंग्रजीतील एकेका शब्दात सामावणारे आपले काका, मामा, आत्या, मावशी व त्यांची मुले, शिवाय सावत्र नाती. येथपर्यंतची यादी आपल्याला परकी वाटणार नाही. आतेभाऊ वा मामेबहीण हे घरचेच माणूस, हे मराठी घराला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु नियमावली एवढ्यावर थांबत नाही. निकटच्या नात्यात ती खोलीत सोबत राहणारा मित्र, वर्गमित्र आणि विद्यार्थी ज्याला आपले मानतो अशा इतर व्यक्तींनाही, संस्थेच्या मंजुरीने, जागा देते. घरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाजूच्या खाटेवरचा सोबती अपघातात गेला, तर त्या मुलाचे दुःख सरकारी दप्तराच्या दृष्टीनेही खरे ठरते. सरकारी नियमावलीत दुःखाची इतकी बूज राखलेली क्वचितच आढळते, आणि कोणत्याही देशातील नियम करणाऱ्याने ही तरतूद जवळून वाचावी असे मला मनापासून वाटते.

अडचण आहे ती ही, की अपवाद सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर आहे. त्याने अर्ज करावा, वैद्यांचे पत्र, मृत्यूचा दाखला किंवा मालकाचा लेखी खुलासा जोडावा, तेव्हा कचेरी विचार करणार. ज्याच्या घरी कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही, ज्याला असा अर्ज असतो हेच ठाऊक नाही, तो वडिलांच्या आजारपणात संगणकावर कळ दाबून विषय सोडतो आणि त्याचा एक हक्क निष्कारण खर्ची पडतो. ज्याला पत्र लिहिता येते, जो सल्लागाराच्या दारी जाऊन प्रश्न विचारण्यास कचरत नाही, त्याचा तोच प्रसंग अपवादात जमा होतो. सहांचा आकडा सर्वांना समान असला, तरी त्याचा काच समान नाही. तो कमी माहितीच्या विद्यार्थ्याला अधिक बसतो. या कायद्यावर माझा मुख्य आक्षेप आहे तो हाच.

सातव्या विषयाच्या वेळी काय होते, ते आकड्यांत पाहिले म्हणजे या आक्षेपाचे वजन कळेल. चारच्या मापावर ‘बी’ श्रेणीला ३ आणि ‘एफ’ म्हणजे अनुत्तीर्णाला ० अंक असतात. सत्रातील पाच सारख्या वजनाच्या विषयांपैकी चारांत ‘बी’ मिळवणारा विद्यार्थी पाचवा विषय सोडू शकला, तर त्याची सरासरी ३ राहते. सोडण्याचा हक्क संपला असल्यामुळे त्यात तो नापास झाला, तर ती २.४ वर येते. तोच विद्यार्थी मध्यम, म्हणजे चार विषयांत ‘सी’ मिळवणारा असेल, तर पाचव्यातील ‘एफ’ त्याला १.६ वर आणून सोडतो. आणि २ च्या खाली सरासरी गेली, की विद्यापीठाची ताकीद, परिवीक्षा आणि पुढे नाव कमी होण्याची भीती, अशी उतरंड सुरू होते. हुशार विद्यार्थ्याला सातवा विषय खरचटून जातो. काठावरच्या विद्यार्थ्याला तो काठावरून ढकलू शकतो.

सहांचा हिशेब एका संस्थेपुरता नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टेक्सासमध्ये पुष्कळ विद्यार्थी प्रथम दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात कमी खर्चात प्रारंभीचे विषय पूर्ण करतात आणि मग विद्यापीठात जातात. राज्यातील एका सरकारी संस्थेत सोडलेले विषय दुसऱ्या सरकारी संस्थेच्या दप्तरातही मोजले जातात. त्यामुळे अठराव्या वर्षी गणित, इंग्रजी, इतिहास आणि जीवशास्त्र भराभर सोडून मोकळा झालेला मुलगा विसाव्या वर्षी विद्यापीठाच्या दारात उभा राहतो तो केवळ दोन विषयांची शिल्लक घेऊन, आणि खरे कठीण विषय तर त्याच्या पुढेच असतात. कायद्याने संस्थांना सहाहून कमी मर्यादा घालण्याचीही मुभा दिली आहे. कॉलेज स्टेशन येथील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तिचा उपयोग करून आपल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांस चारच विषय सोडू देण्याचा नियम ठेवला. राइस किंवा बेलर यांसारख्या खासगी विद्यापीठांना हे कलम लागू नाही. तेथे ज्याचा त्याचा नियम.

कलमात एक विसंगती आहे आणि ती मला दीर्घकाळ सलत आली आहे. सत्रातील सगळे विषय एकदम सोडून जाणाऱ्याचा एकही विषय सहांत मोजला जात नाही. पाचांपैकी एक सोडून उरलेले चार नेटाने पूर्ण करणाऱ्याचा मात्र एक मोजला जातो. सर्वस्वी बाहेर पडणारा बहुधा मोठ्या संकटात असतो, त्याला सहांचा हिशेब लावणे क्रूरपणाचे होईल, ही दृष्टी मला मान्य आहे. परंतु ज्याची शिल्लक संपली आहे आणि जो एकाच विषयात बुडतो आहे, त्याच्यापुढे ‘एफ’ घ्यावा की चारही चांगले चाललेले विषय त्या एकासाठी पाण्यात सोडावेत, असा पेच हे कलम निर्माण करते. आणि विद्यार्थ्याने पदवी लवकर पूर्ण करावी या ज्या हेतूने ते जन्माला आले, त्या हेतूलाच येथे बाध येतो.

पुढील काळात विधिमंडळाने काही सवलती जोडल्या. ज्याने किमान ५० क्रेडिटे पूर्ण केली आहेत आणि सलग २४ महिने शिक्षणापासून दूर राहून जो पुन्हा परतला आहे, त्याला एक विषय अधिक सोडता येतो. कोविडच्या साथीत वर्गात प्रत्यक्ष बसणे बंद वा मर्यादित झाल्यामुळे २०२० चा वसंत, त्यानंतरचा उन्हाळा आणि २०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष या काळात सोडलेले विषय मोजण्यातून वगळण्यात आले. संकट सार्वत्रिक झाले, तेव्हा अर्ज-दाखल्यांचा खटाटोप न करता सरसकट माफी देता आली. म्हणजे ही गोष्ट अशक्य नव्हती.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांचा नियम पाहावा. तेथे सगळ्या विषयांची एकत्र बेरीज करीत नाहीत. एकच विषय कितीदा घेता येईल हे तेथे ठरलेले असून, नापास होणे किंवा मुदतीनंतर सोडून देणे हे दोन्ही धरून सामान्यतः तीन प्रयत्नांपर्यंतच मुभा आहे. २०१२ पासून त्याहून अधिक प्रयत्नांसाठी राज्याचे अनुदानही सहसा मिळत नाही. मला ही रीत अधिक सयुक्तिक वाटते. एकाच विषयाशी तीनदा झुंज देऊन हरलेल्या विद्यार्थ्याला थांबवून विचारपूस करण्याचे कारण त्या हारण्यातच दिसते. परंतु चार वर्षांत सहा निरनिराळ्या विषयांतून बाहेर पडलेला विद्यार्थी एकदा आजारी असेल, एकदा त्याला शिक्षक मानवले नसतील, एकदा त्याने विद्याशाखाच बदलली असेल, आणि या सर्वांची नुसती बेरीज केल्याने त्याच्याविषयी काहीच कळत नाही.

मर्यादा असावी, हे मी मान्य करतो. मात्र तिच्या बदल्यात संस्थेवरही एक बंधन यावयास हवे होते. बारा अध्यापनदिन म्हणजे जेमतेम अडीच आठवडे. तेवढ्यात पुष्कळ विषयांची पहिली चाचणीदेखील झालेली नसते. म्हणजे बिनहरकत बाहेर पडण्याची मुदत संपते तेव्हा विद्यार्थ्यापाशी निर्णयासाठी लागणारी माहितीच नसते. बाराव्या दिवसापूर्वी प्रत्येक शिक्षकाने एक तरी तपासलेला पेपर विद्यार्थ्याच्या हाती दिला पाहिजे, आणि विषय सोडण्याच्या अर्जावरच कायद्यातील अपवाद छापून त्यांपैकी एखादा लागू आहे काय असे विचारले पाहिजे, अशी तरतूद करण्यास तिजोरीवर फारसा भार पडला नसता. विद्यार्थ्याच्या हक्काला सीमा घालणाऱ्या सरकारने त्या हक्काचा शहाणपणाने वापर करण्याची साधनेही त्याला पुरवली पाहिजेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्या विद्यापीठांतही आता श्रेयांक, म्हणजे क्रेडिटे, आले आहेत, विद्यार्थ्याला विषयनिवडीची पूर्वीपेक्षा अधिक मोकळीक मिळाली आहे, तेव्हा निवडलेला विषय सोडण्याचा प्रश्न येथेही उभा राहणारच. तो सोडविताना आपल्या विद्यापीठांनी टेक्सासकडून आकडा न घेता अपवादांची ती यादी घ्यावी.

ज्यांची मुले आज तेथे शिकत आहेत त्या पालकांना थोडे सांगावयाचे आहे. भारतातून शिक्षणाच्या व्हिसावर पदवीसाठी गेलेल्या मुलाच्या मागे राज्याच्या सहांखेरीज संघराज्याचाही एक हिशेब असतो. त्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिटांचा भार ठेवावा लागतो, आणि एक विषय सोडल्याने तो त्याखाली जाणार असेल, तर सोडण्यापूर्वीच परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीची संमती घ्यावी लागते. मागाहून दिलेली कैफियत कामास येईलच, असा भरवसा नाही. एम.एस.साठी गेलेल्यांना सहांचे कलम लागू नाही, पण पूर्ण भाराची अट त्यांनाही आहे. आणि जी मुले तेथेच जन्मली, वाढली व संघराज्याची शिष्यवृत्ती किंवा कर्ज घेऊन शिकतात, त्यांच्या बाबतीत सोडलेला विषय ‘प्रयत्न केला, पूर्ण झाला नाही’ असाच मोजला जातो. घेतलेल्या क्रेडिटांपैकी साधारणतः दोन-तृतीयांश पूर्ण झाली नाहीत, तर ती मदत थांबू शकते. तेव्हा सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मुलाला फोन करा, जेवण-झोप विचारून झाल्यावर कोणता विषय जड जातो आहे ते विचारा, आतापर्यंत किती सोडले आणि किती उरले तेही विचारा. आणि घरात आजारपण वा मृत्यू झाला असेल, तर विषय सोडण्याआधी कारणाचा अर्ज दे, एवढे त्याला आवर्जून सांगा.